पऱ्हाट्यांकडची रोपं

कडूबाई मिरचीच्या वाफ्यापाशी उकिडवी बसली होती. महिना झाला तरी रोपं बोटभरच. पानं आकसलेली, कडा पिवळ्या. राख टाकून झाली, शेणाचं पाणी घालून झालं, चार दिवस पाणी तोडूनही झालं. रोपं जागची हलेनात.

"पंधरा दिवसांखाली बरी होती," ती म्हणाली. "कुणाची नजर लागली का काय."

शेण भरायला आलेल्या सरजाबाईनं टोपलं खाली ठेवलं. गावकुसाबाहेरच्या बौद्धवाड्यातली ही बाई दहा वर्षं या घरी राबत होती. एकाच पुडीतलं बी दोघींनी वाटून घेतलं होतं. सरजाबाईच्या दारातली रोपं वीतभर झाली होती.

"नजर लागती तर सगळ्यायला सारखी लागती, बाई. हे बघा." तिनं बोटानं ओळ दाखवली. "घराकडची जरा बरी हायत. पऱ्हाट्यांच्या ढिगाकडं जावं तशी खुजी व्हायलीत. रोग तिकडून यायलाय."

ढिगालगतचं एक रोप तिनं अलगद उपटलं. मुळं खाली गेलीच नव्हती. ढिगाच्या बाजूची काळी पडून सडली होती, उरलेली उलटीकडं वळली होती.

दोघींनी कपाशीच्या वाळल्या काड्यांचे, पऱ्हाट्यांचे चार भारे बाजूला ओढले. खालची माती भुसभुशीत होती, नुकती उकरल्यासारखी. सरजाबाईनं खुरपं घातलं. पत्रा वाजला. तिनं हातानं माती सारली तसा रॉकेलचा भपका आला. आडवा पुरलेला डबा सांध्यातून पाझरत होता. त्याला लागून दुसरा. मग तिसरा. मोजून पाच.

सरजाबाईचा हात थांबला.

औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हापासून गावाची चाल बदलली होती. एसटी बंद होती. पारावरची माणसं बौद्धवाड्यातलं कुणी दिसलं की बोलता बोलता गप्प व्हायची. चार कोसांवरच्या गावात बौद्धवाडा रात्रीतून जाळला, ते सगळ्यांच्या कानावर होतं.

"काय उकरायलात?"

कडूबाईचा नवरा दिनकरराव मागच्या दारात उभा होता. त्यानं डबे पाहिले, बायकोकडं पाहिलं.

"रेशनला मिळंना झालंय राकेल," तो सावकाश म्हणाला. "म्हणून ठेवलंय."

"जमिनीत?" कडूबाईनं विचारलं.

सरजाबाईनं खाली मान घालून माती परत लोटली, तळव्यानं सारखी केली. आवाज नेहमीसारखा ठेवत म्हणाली, "रोपांचं काय एवढं, बाई. माझ्या दारी लय हायत. उद्या आणून देते."

"उद्या कशाला?" दिनकरराव म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. "आजच आण. दिवस मावळायच्या आत."

नवऱ्याच्या तोंडाकडं न बघता कडूबाई उठली आणि लुगड्याला हात पुसत म्हणाली, "अगं, आज तर तू बहिणीकडं जाणार होतीस नं, मानवतला? समद्या लेकरांना घेऊन?"

सरजाबाईला बहीण नव्हती. तिनं कडूबाईकडं पाहिलं.

"हां बाई," ती म्हणाली. "इसरलेच होते बघा."

टोपलं तिथंच टाकून ती गेली.

तिसऱ्या प्रहरी ती परड्याच्या काटेरी कुपाटीपलीकडं आली. डोक्यावर गाठोडं, काखेत धाकटी, मागं दोन लेकरं. तिच्या मागं आणखी तीन घरची माणसं पाऊलवाटेनं खाली मान घालून निघाली होती. तिनं कुपाटीवरून चिखलात बांधलेली जुडी पुढं केली. दारातली सगळी रोपं उपटून आणली होती.

"एवढी कशाला गं?" कडूबाई म्हणाली. "वाड्यातले बाकीचे?"

"सांगितलं समद्यायला. म्हातारी माणसं उठंनात. म्हणतेत, आपल्याच गावातली माणसं हायत, काय करतेल." ती वळली, पुन्हा थांबली. "अन् बाई, आधी तिथलं ते काढा, मग लावा. न्हाईतर ही बी जगायची न्हाईत."

ती माणसं ओढ्याच्या उतारावरून दिसेनाशी झाली. कडूबाई रोपं हातात धरून उभीच राहिली. पलीकडं बौद्धवाड्यात दोन-तीन घरांवर चुलीचा धूर निघत होता. तिच्या पाठीमागं कुणीतरी पऱ्हाट्या बाजूला ओढत होतं.