डोळ्याखालचा भोवरा

निवृत्तीआबांचा हात घोडीच्या गालावर फिरता फिरता थांबला.

अंगणातली माणसं जरा पुढं सरकली. आबा घोडं पारखत असताना मधे बोलायची कुणाची टाप नव्हती. दात बघून झाले होते, खूर बघून झाले होते, छाती तर दोनदा बघितली होती. आता डाव्या डोळ्याखाली काहीतरी अडलं होतं.

घोडी नुकती वयात आलेली, तांबूस, अंगानं कशी चाबकासारखी. सोमाटण्याच्या बाजूला रेसच्या घोड्यांचा एक फार्म होता. तिथला घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार भिकाजी तिला कामशेतजवळच्या या गावात घेऊन आला होता. हिचा बाप मुंबईच्या रेसमधला नावाजलेला, आजी बोटीतून विलायतेहून आलेली, असं तो अंगणात शिरल्यापासून सांगत होता. राजघराण्यातलं स्थळ आणावं तसा त्याचा तोरा. उंचीला जरा कमी भरली म्हणून फार्मच्या सायबानं विकून टाकायला सांगितली, एवढंच काय ते उणं.

हौशीराम तर केव्हाच विरघळला होता. चैत्रातल्या जत्रेत त्याचा गाडा पळायचा. पानशेतचं धरण फुटलं त्यानंतरची ही पहिली जत्रा, सारं मावळ लोटणार होतं. शर्यतीत गाड्यापुढं घोडी धावते आणि तिच्या मागं बैल सुटतात. घोडी मंद तर गाडाही मंद. त्याची जुनी घोडी म्हातारी झाली, तेव्हापासून त्याचा गाडा रेंगाळायचा आणि गाव दात काढायचं. ही घोडी मिळाली तर शर्यतीचा घाट आपलाच, हे त्याला दिसत होतं.

आबांनी हात काढून घेतला.

"आसूढाळ हाय," ते म्हणाले. "आसवं जितं वघळत्यात, तितंच केसांचा भोवरा. असली घोडी मालकाला खाती. मालकिणीचं कुंकू ऱ्हात न्हाई."

झालं! संपलाच की विषय. दारात उभी असलेली झुंबरबाई, हौशीरामची बायको, पदर तोंडाशी धरून आत पळाली. भिकाजीनं सांगून बघितलं, की फार्मवर भोवरे कुणी बघत नाही, वंशाचे कागद बघतात. कागदाला बायको नसते, असं म्हणून आबांनी त्याला गप्प केलं. आतून झुंबरबाईनं कळवलं, या घरात घोडी तरी राहील नाहीतर मी. दुसरा कुणी घेईल म्हणावं तर गावातल्या प्रत्येक गाडेवाल्याला घरी बायको होती. भिकाजीनं दावं सोडलं. लोणावळ्यात टांग्याला कुणीतरी घेईल म्हणाला. विलायती आजीची नात टांग्याला! हौशीरामला बघवेना.

गोठ्याच्या तोंडाशी नंदाबाई शेण भरत होती. ती हौशीरामची भावजय. थोरला भाऊ महिपती जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून ती चार माणसांत बोलत नसे, आणि बोल म्हणून तिला कुणी म्हणतही नसे. घरात काही शुभ निघालं की ती मुकाट मागच्या दाराला जायची. आज तिनं हात धुतले, पदर सारखा केला आणि सरळ घोडीपाशी येऊन उभी राहिली.

"आबा, भोवरा मालकिणीचं कुंकू न्हेतो ना? मग घोडी माझी करा. माझं काय न्हेईल?"

आबांनी डोकं खाजवलं. दोष मालकिणीला लागतो हे खरं, पण तिच्यापाशी न्यायला काही उरलंच नसेल तर? अखेर चालेल म्हणून त्यांनी मान डोलावली. पैसे हौशीरामनं मोजले, पण दावं भिकाजीनं नंदाबाईच्या हातात दिलं. ज्याच्या हाती दावं त्याची घोडी, आणि हे साऱ्या गावासमोर झालं.

घोडीचा चंदी-खरारा नंदाबाईच बघू लागली. सुरुवातीला हौशीराम चेष्टेनं विचारायचा, "वैनी, आज पळवू का?" पुढं तो खरंच विचारायला लागला, आणि ती नको म्हणाली की ऐकायलाही लागला. एकदा मोकळ्या खाचरात त्यानं घोडी सोडली. मागचे बैल असे उधळले, की बघणाऱ्यांची तोंडं उघडीच राहिली. नंदाबाई खदखदून हसली. चुलीपुढं बसलेल्या झुंबरबाईला हे हसणं कुणाचं ते आधी ओळखूच आलं नाही.

ओळखलं तशी ती चुलीपुढून उठून दारात आली. माझं काय न्हेईल, हे जावेचं बोलणं त्या दिवसापासून तिचा पिच्छा सोडत नव्हतं. भोवऱ्याला भिऊन आपण आत पळालो, आणि आपल्या वाट्याचं भय जावेनं भर अंगणात स्वतःच्या अंगावर घेतलं. तिला स्वतःची लाज वाटली.

जत्रेची सकाळ उजाडली. बैलांवर झुली चढल्या, हलगी वाजू लागली. मालकिणीनं घोडी ओवाळायची आणि मग गाडा घाटाकडं निघायचा, ही रीत. ताट घेऊन झुंबरबाई बाहेर आली तशी नंदाबाई सवयीनं मागच्या दाराकडं वळली.

"आक्का, कुटं निघाला?" झुंबरबाईनं तिला अडवलं. "घोडी तुमची हाय. तुमीच ववाळा."

हलगी थांबली. आबा काही बोलतील म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं, पण ते बैलांची शिंगं बघण्यात दंग झाले होते. नंदाबाई परतली आणि तिनं ताटातल्या करंड्यात बोट बुडवलं. महिपती गेल्यापासून तिचं बोट कुंकवाला लागलं नव्हतं. घोडीनं मान खाली केली. नंदाबाईनं तिच्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला. बोटावर थोडं कुंकू उरलं, ते कुठं पुसावं तिला समजेना.

"पुसू नगा," झुंबरबाई म्हणाली, आणि तिनं आपलं कपाळ पुढं केलं.