पितृसेवेची रील

साहेबांना अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची सेवा करतानाची रील हवी होती. ऐन शूटिंगमध्ये माझा कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलची बॅटरी संपली आणि कॅमेरा मान टाकू लागला. "चार्जिंगला लावूनच चालव," म्हणत साहेबांनी पलंगामागची कसलीशी पिन उपटली आणि माझी खोचली.

मग आठ टेक झाले. दर वेळी सूपचा चमचा आजोबांच्या ओठांपर्यंत जायचा आणि परत वाटीत यायचा. ते कण्हले की साहेब खेकसायचे, "आवाज नको!" मला शिसारी आली. पण दर टेकला आजोबा फ्रेममध्ये आणखी खाली दिसायचे आणि मी मुकाट्याने गिंबल खाली घ्यायचो.

 

मी वायर गुंडाळत असताना आजोबांनी माझी बाही धरली. "पाठीला फळी लागतेय. झालं असेल तर हवेच्या गादीची पिन परत लावता का, दादा?"