नकली क्लिप

धनेशने दोन वर्षं सीट बेल्ट लावला नव्हता. खाचेत बाजारातली नकली क्लिप खोचली, की गाडी ओरडायची नाही.

आज देवासला निघताना, विजय नगरच्या सिग्नलवर, त्याच्या बायकोने ती क्लिप उपटून खिडकीबाहेर फेकली.

टिंग. टिंग. टिंग.

"पागल है क्या, निवेदिता? इंदूरच्या रस्त्यावर कचरा!"

"फेकला. मला हायवेवर विधवा नाही व्हायचं. बेल्ट लाव, नाहीतर मी इथेच उतरते."

तिने दार उघडलं. सिग्नल हिरवा झाला. मागे हॉर्न सुरू झाले.

धनेशने बेल्ट ओढला. खट्.

"जिंकले!" निवेदिताने दार लावलं. तिचा बेल्ट आधीपासूनच लावलेला होता.

टिंग. टिंग.

स्क्रीनवर लाल खूण होती: मागची मधली सीट.

तिथे कोणी नव्हतं. साधी पिशवीही नव्हती.

"सेन्सर गया," धनेश म्हणाला. पण आरशात बघायचं त्याने टाळलं.

निवेदिता आज थांबणार नव्हती. मान न वळवता, त्याच दरडावणीच्या आवाजात ती म्हणाली, "तूसुद्धा लाव."

मागे पट्टा सरसरत ओढला गेला.

खट्.

गाडी गप्प झाली.

"काढ आता गाडी," निवेदिता ऐटीत म्हणाली. "एका दमात दोघांनी ऐकलं माझं."