दोराचं टोक

वारा बेताचा होता. थेमेलीनाने शीड सैल सोडलं आणि होडी किनाऱ्याच्या कडेकडेने आपसूक चालू लागली. पुढच्या टोकाला तिचा नवरा साकेलारिस उशीला टेकून बसला होता. पाय सरळ पुढे, तिने सकाळी ठेवले होते तसेच.

"सुकाणू धरलंयस की झाडू?" तो म्हणाला. "डावीकडे ओढतेय बघ होडी."

"नऊ वर्षं गच्चीत समुद्राकडे पाठ करून बसलास. आज आला मोठा कप्तान!"

तो हसला. त्याचं हसू ऐकून तिला बरं वाटलं.

नऊ वर्षांपूर्वी समुद्रतळाचे स्पंज काढायला गेला असता तो खोल पाण्यातून घाईने वर आला, पाण्याचा दाब एकदम उतरला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. कालिम्नोस बेटावर अशी माणसं नवी नाहीत; लग्नात त्यांच्या लटपटत्या चालीचा नाचही नाचतात. साकेलारिसला तर लटपटणंही जमत नव्हतं. तेव्हापासून त्याने समुद्राचं नाव काढलं नव्हतं. आज सकाळी मात्र कॉफी पिता पिता म्हणाला, "चल, होडी काढ. दिवसभर हिंडू."

दुपारी त्यांनी बार्लीचे कडक पाव पाण्यात भिजवून खाल्ले, टोमॅटो आणि चीज खाल्लं. वर कड्यावर बकऱ्यांच्या घंटा वाजत होत्या. साकेलारिसने एक ऑलिव्ह तिच्या तोंडात घातलं. असं त्याने लग्नानंतर पहिल्या वर्षात केलं असेल तेवढंच. थेमेलीना त्याच्याकडे बघत राहिली. आज त्याने गुळगुळीत दाढी केली होती. अंगात पांढरा सदरा होता, सणावाराला घालायचा. काल संध्याकाळी ऑस्ट्रेलियातल्या मुलीशी तो अर्धा तास बोलला होता. एरवी दोन वाक्यांत फोन थेमेलीनाच्या हातात देणारा माणूस. आणि फोन ठेवल्यावर घराची कागदपत्रं कुठल्या डब्यात आहेत ते सांगितलं होतं. तिने विचारलं नव्हतं.

तिने हातातला पाव खाली ठेवला.

"इथे थांबव," तो म्हणाला.

खडकांच्या कुशीत पाणी इतकं नितळ होतं की होडीची सावली तळावर दिसत होती. तिने नांगर टाकला. त्याने शेजारचं गोणपाट बाजूला केलं. खाली त्याच्या वडिलांचा चपटा संगमरवरी दगड होता. जुने पाणबुडे असाच दगड छातीशी धरून खाली जायचे. दगडाला दोर, दोराच्या वरच्या टोकाशी होडीत कुणीतरी. खालून दोर हलला की वरच्याने ओढायचं.

"हा कुणी ठेवला इथे?"

"शेजारच्याला सांगितलं होतं. मला पाण्यात सोड."

"नको, साकेलारी. घरी जाऊ."

"थेमेलीना, संडासला जायचं तरी मला तुझी वाट बघावी लागते. एका ठिकाणी तरी मला एकट्याला जाऊ दे."

हात अजून दणकट होते. हातांच्या जोरावर तो होडीच्या काठावर चढून बसला. पाय आतच राहिले. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "पाय."

ती ते तिथेच राहू देऊ शकली असती. बाकी काहीच करायची गरज नव्हती. नऊ वर्षं ती हे पाय उचलत होती, पलंगावर, खुर्चीत, मोरीत. तिने उचलायचे आणि त्याने भिंतीकडे बघायचं. त्याने तोंडाने कधी सांगितलं नव्हतं.

तिने एक पाय काठापलीकडे सोडला. मग दुसरा.

डोळे मिटून तो छाती भरून घेऊ लागला. दोराचं वरचं टोक होडीच्या खुंटीला बांधायची रीत. थेमेलीनाने ते आपल्या कमरेला गुंडाळलं आणि दोन गाठी मारल्या. तिला पोहता येत नव्हतं.

दगड छातीशी धरून साकेलारिस गेला.

दोर सरसरत सुटला. तीन वाव, पाच, सात. मग थांबला. थोडे बुडबुडे आले, मग तेही थांबले. ती आकडे मोजत होती. चाळीस. साठ. दोर निपचित. ओढला तर दगड वर येईल, माणूस येईलच असं नाही. सत्तरला तिच्या हातांनी तिला न विचारताच दोराला हलकासा हिसका दिला. मग तिने हात काढून घेतला.

काहीच झालं नाही.

मग खालून हिसका आला. पुन्हा एक, जोरात. तिने पाय काठाला लावले आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. तळहात सोलले.

तो वर आला तेव्हा नाकातून रक्त येत होतं. दोन्ही कोपरं काठावर टेकून तो लोंबकळत राहिला, खोकला, पुन्हा खोकला.

"वेळ लावलास," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"खाली बरं वाटत होतं, थेमेलीना. फार बरं."

"मग आलास कशाला?"

"दोर हलला. म्हटलं, तू बोलावतेयस."

बोलता बोलता त्याची नजर दोरावरून सरकत तिच्या कमरेपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. वरच्या बकऱ्या आता कड्याच्या पलीकडे गेल्या होत्या.

"खुंटी मोडली होती का?" त्याने विचारलं.

"नाही."

त्याने एक हात काढून तिच्या कमरेच्या गाठीला घातला. ओढताना गाठ घट्ट आवळली होती आणि त्याची बोटं गारठलेली. नख लागेना. तिने मदत केली नाही. एका कोपरावर भार देऊन, मान खाली घालून, तो गाठ सोडवत राहिला.