मालकांची मॅटाडोर

“मालक कुठायत?” वासिफनं विचारलं.

ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणलेली जुनी मॅटाडोर पिकअप गॅरेजच्या दारात उभी होती. उभी म्हणायचं आपलं. चारही टायर बसलेले, पुढचे गोल दिवे गायब आणि गंज असा की पत्र्याला बोट लावावं तर आरपार जावं. गाडीबरोबर चाळिशीची एक बाई आली होती. याआधीच्या दोन गॅरेजवाल्यांनी ‘आधी मालकाला पाठवा’ म्हणून तिला वाटेला लावलं होतं.

बाईनं एकदा गाडीकडं, एकदा त्याच्याकडं पाहिलं.

“मालक कामात असत्यात,” मग ती म्हणाली. “मलाच बघाया सांगितलंय.”

तिचं नाव सुलेखा. गाव देगलूरकडं. वाळूजच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ती कैक वर्षं पोळ्या लाटत होती आणि तिची लेक अपेक्षा तिकडं आजीपाशी वाढत होती.

“गाडी रस्त्याला लागली की मालक गावाकडंच काम देणार हायेत,” तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. “शिवारातला भाजीपाला भरायचा, बाजाराला न्यायचा. सांजच्याला लेकीपाशी. दिवाळीच्या आत करा भाऊ, लई उपकार व्हतील.”

वासिफची जीभ तिखट, पण ‘भाऊ’ म्हटलं की तो विरघळायचा. त्यानं हो म्हटलं, बॉनेट उघडलं आणि आत बघून स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

सुलेखा दर रविवारी यायची. पदर खोचून गंज घासायची, हौद्याच्या फळ्यांना तेल पाजायची, औरंगपुऱ्यातून रंगाचे डबे आणायची. तिच्या पिशवीत दोन फोन असायचे. मोठा लेकीसाठी, त्यावर तिचं तोंड दिसायचं. बटणाचा मालकांसाठी. काही विचारलं की ती बटणाचा फोन कानाला लावून लिंबाखाली जायची आणि निर्णय घेऊन यायची.

“मालक म्हणत्यात, हौद्याचा मागचा फाळका नवा नको. जुनाच ठोकून बसवा.”

“मालक म्हणत्यात, स्प्रिंगचे पाटे मात्र नवेच टाका. रस्ता वाईट हाय तिकडं.”

मालकांचं म्हणणं दर वेळी बरोबर निघायचं, आणि वासिफला तेच जास्त झोंबायचं. माणूस हुशार होता, चिकट होता आणि एकदाही गॅरेजकडं फिरकला नव्हता.

“बाईला राबवतो आणि आपण फोनवरून हुकूम सोडतो,” तो एकदा वडिलांपाशी करवादला. “असल्या शेठची नोकरी सोडावी तिनं, अब्बा.”

इब्राहीमभाईंनी चहाची बशी खाली ठेवली. “अरे येड्या, शेठ कुठला? इकडं बाया नवऱ्याला मालक म्हणतात. उमर गेली इथं, अजून मराठी कळंना तुला.”

वासिफनं कपाळावर हात मारून घेतला. आता सगळंच जुळत होतं. आरटीओच्या पासिंगसाठी गाडीच्या दारावर मालकाचं नाव लागतं. रंगारी फकिरानं ते विचारलं, तेव्हा सुलेखा नुसती हसली होती. “ते आखरीला लिवू,” म्हणाली होती. बरोबरच आहे. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार?

पण त्यानं वासिफचा राग निवला नाही, उलट दुपटीनं वाढला. शेठ असता तर एक वेळ समजलं असतं.

दिवाळीच्या तोंडावर इंजिन पहिल्यांदा धडधडलं. काळ्या धुराचा लोट उठला आणि सुलेखाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते काही धुरानं नव्हतं. मोठ्या फोनमधून अपेक्षा ओरडत होती, “आई, हॉर्न वाजिव ना!” तिनं इतका वेळ वाजवला की शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला.

सोमवारी पासिंग होतं. रविवारी वासिफनं घाईघाईत बोल्ट जरा जास्तच आवळला आणि पाण्याच्या पंपाला तडा गेला. इतका जुना पंप बाजारात कुठला मिळायचा? पासिंग हुकलं की दिवाळी हुकली.

सुलेखा टायरवर मटकन बसली. “मालकांचा सगळा जीव उद्याकडं लागला व्हता,” ती हळूच म्हणाली.

वासिफला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इब्राहीमभाई मात्र उठून मागच्या अंगणात गेले. तिथं त्यांनी वर्षानुवर्षं जपलेलं मॅटाडोरचंच एक मोडकं इंजिन पडलं होतं, वासिफ ज्याला रोज भंगार म्हणायचा. थोड्या वेळानं ते पंप घेऊन आले.

“भंगार ना रे?” ते म्हणाले. “बसव आता. सकाळी गाडी जाईल.”

सुलेखा हसली, रडली आणि लगेच पान्हे हातात द्यायला पुढं झाली. संध्याकाळपर्यंत पंप बसला. गाडी निळीशार उभी होती. फकिरा पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून दारापाशी खोळंबला होता.

“नाव सांगा की कुणीतरी,” तो म्हणाला. “रंग वाळाया लागला.”

सुलेखा खाली बघून हात पुसत राहिली. वासिफनं ठरवलं, बास. पहिल्या दिवशी तिनं दिलेला मालकांचा नंबर त्यानं काढला. नाव तर विचारूच, वर दोन शब्दही सुनावू. म्हणावं, अशी बाई नशिबानं मिळते, कधी येऊन बघा तरी तिनं काय केलंय ते.

त्यानं नंबर लावला.

बॉनेटवरच्या पिशवीत बटणाचा फोन वाजू लागला.

फकिराचा ब्रश हातातच राहिला. सुलेखानं सावकाश फोन काढला, कानाला लावला आणि वासिफच्या डोळ्यांत बघत म्हणाली,

“हॅलो, मालक बोलतीय.”