ओठ मिटा, काकू

"काकू, ओठ मिटा. व्हिसाच्या फोटोत हसलेलं चालत नाही."

त्यांनी ओठ मिटले, तरी चेहरा हसराच. निवृत्तीनंतर दोघांना परदेशात, समुद्राकाठी राहायला जायचं होतं. पेन्शनचा दाखला, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचं पत्र, सगळं काकांच्या फायलीत जमलं होतं. घोडं अडलं होतं ते काकूंच्या फोटोपाशी. आधीच्या स्टुडिओतला फोटो वकिलातीनं परत पाठवला होता, आणि आता माझीही तीच गत. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळलेली. मी वैतागून म्हणालो, "काहीतरी वाईट आठवा हो!"

काकूंनी क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा हसू आणखीच पसरलं होतं.

"थट्टा करताय का माझी?" मी कॅमेरा खाली ठेवला.

"नाही हो," काका मधे पडले. "भाजलेल्या मुलांच्या वॉर्डात नर्स होती ही. पट्टी सोडवताना पोरं हिच्या तोंडाकडे बघत राहायची. उभी नोकरी तशीच गेली. वाईट आठवलं की ही आपोआप हसते."

काकांनी जवळ जाऊन त्यांची कॉलर नीट केली. "अगं, तिकडे कुणाला धीर द्यायचा नाहीये तुला."

काकूंचा चेहरा हळूहळू शांत झाला. मी बटण दाबलं.

"आता नाही ना हसले?" काकूंनी विचारलं.

फोटोतला तो चेहरा मला बघवेना. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणून मी हसून म्हणालो, "नाही, काकू. छान आलाय."