गुंडप्पा गुरुजींचा कारखाना

गॅरेजची फरशी फोडायला संगप्पानं गवंडी लावला नव्हता. पहार त्याच्याच हातात होती आणि त्याचे वडील, गुंडप्पा गुरुजी, पाट्या भरून देत होते.

"गुरुजी, मजूर तरी सांगायचा," दारातून अर्जुनराव म्हणाला. "दुष्काळात पायलीला पन्नास मिळायलेत."

"पोराच्या कारखान्याला बापाचा हात लागू दे की," गुरुजी म्हणाले. "शाळेत तुमचे कान पिरगाळून हात मऊ पडलेत."

घरची जुनी जीप विकल्यापासून गॅरेज रिकामंच होतं. लातूर आता जिल्हा झाला होता. कचेऱ्या आल्या, गाड्या आल्या, गाड्यांची मोडतोडही आली. संगप्पानं तिथं नट-बोल्ट कातायचं लेथ मशीन बसवायचं ठरवलं. गुरुजी रोज संध्याकाळी गॅरेजच्या पायरीवर गल्लीतल्या लेकरांना पाढे शिकवत. "आता लेकरांना हातातलं कामही शिकवता येईल," ते म्हणत.

अर्जुनराव त्यांचा जुना विद्यार्थी, आणि आता भाडेकरू. गॅरेजला लागूनच त्याच्या दोन खोल्या होत्या. मधे एकच भिंत. पंधरा वर्षं रोजंदारीवर काढल्यावर तो नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई म्हणून कायम झाला होता. त्याच सुमारास नागाबाईला, त्याच्या बायकोला, पुन्हा दिवस गेले होते. आधी दोनदा पोटातलं टिकलं नव्हतं. हा चौथा महिना होता.

खोदकाम लांबतच गेलं.

"एका मशीनला एवढा खोल पाया?" अर्जुनरावानं विचारलं.

"भरावाची जमीन हाय," संगप्पा म्हणाला. "मशीन हललं की माल वाकडा."

माती मागच्या परड्यात पडत होती. सकाळी ढीग काळा दिसे, दुपारपर्यंत पांढरा होई. "ऊन तरी केवढं," नागाबाई म्हणाली. "मातीलासुद्धा पिकवून सोडलंय."

मग खिडकी बुजवली, दाराला पत्रा ठोकला आणि मशीन आलं. पहाटे सुरू व्हायचं ते उजाडेपर्यंत घरघरत राहायचं. भिंत थरथरायची. लेकरांची शिकवणी गुरुजींनी महादेवाच्या देवळात नेली. "मशीनपाशी लेकरं नकोत," ते म्हणाले. "एखाद्याचं बोट जायचं."

गल्लीत टँकर यायचा तो आठवड्यातून एकदा, कधी तेवढाही नाही. पाणी कोमट, औषधाच्या वासाचं. पाइप खाली पडला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. गुरुजी मात्र घागर घेऊन रांगेच्या शेवटी उभे राहायचे. "आधी लेकुरवाळ्यांना भरू द्या," म्हणायचे. कितीदा तरी ते रिकामी घागर घेऊन घरी परतले. गल्ली त्यांच्याकडं बघून लाजायची आणि थोडा वेळ शांत व्हायची.

एका टँकरच्या गर्दीत नागाबाईला धक्का लागला. ती घागरीसकट पडली. दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं, आता पाणी वाहायचं नाही, निजून राहायचं. पण अर्जुनराव कचेरीत असताना टँकर आला तर घरात पाणी कोण भरणार? तिचा भाऊ उमरीला होता, त्याची धान्याची छोटी आडत होती. तिकडं पाणी होतं. पण माहेरी आई नव्हती, आणि भावजय बाळंतपण करणाऱ्यातली नव्हती. जायचं तर दोघांनी जायचं, म्हणजे नोकरी सोडायची. कचेरीत रजा मागितली तर साहेब म्हणाले, बाहेर शंभरजण उभे आहेत.

त्या संध्याकाळी अर्जुनराव गुरुजींच्या ओसरीवर बसला.

"काय करू, गुरुजी? पंधरा वर्षं ह्याच कागदाची वाट बघितली."

गुरुजींनी कपाळावरचं भस्म बोटानं चोळलं.

"पाणी नाही तिथं माणसानं राहू नये, अर्जुना. नोकरी पुन्हा मिळंल. लेकरू मिळंल का?"

"तुमी म्हणता तर जातो."

राजीनाम्याचा मजकूर गुरुजींनीच सांगितला, अर्जुनरावानं लिहिला. दोन वेलांट्या चुकल्या होत्या. त्या गुरुजींनी दुरुस्त करून दिल्या.

"अजून ऱ्हस्व-दीर्घ कळत न्हाई तुला," ते म्हणाले. अर्जुनराव हसला. डोळे पुसत हसला.

निघायच्या दिवशी पहाटेच दोघं पाया पडायला गेले. टँकर मागच्या आठवड्यात आलाच नव्हता. रिक्षा दारात उभी होती आणि गॅरेजमध्ये मशीन घरघरत होतं. तेवढ्यात पार्वतम्मा, गुरुजींची बायको, आतून लगबगीनं आल्या. हातात कळशी, वर झाकण, भोवती ओलं फडकं गुंडाळलेलं.

"वाटंत लागंल पोरीला."

"कशाला आता ते?" गुरुजी एकदम म्हणाले.

"आसू द्या," पार्वतम्मा त्यांच्याकडं न बघता म्हणाल्या. "पोटुशी हाय ती."

अर्जुनराव नको नको म्हणत राहिला. स्वतःच्या तोंडचं पाणी ही माणसं देत होती. पार्वतम्मांनी कळशी रिक्षात बसलेल्या नागाबाईच्या मांडीवर ठेवली आणि पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या. गुरुजी दारातच उभे होते. रिक्षा वळेपर्यंत त्यांनी हात वर केला नाही.

एस.टी. लातूरच्या बाहेर पडली. दोन्हीकडं जमीन उलून, भेगाळून पडली होती. नागाबाईनं फडकं सोडलं, झाकण काढून कळशी तोंडाला लावली आणि एका घोटानंतर थांबली.

"काय झालं?"

"तुमी प्या."

अर्जुनरावानं घोट घेतला. पाणी गार होतं. इतकं गार की दात शिरशिरले. औषधाचा वास नव्हता.

"टँकरचं न्हाई हे," नागाबाई हळूच म्हणाली. "आमच्या माहेरी आसंच आसायचं. आडाचं पाणी हाय. आज सकाळचंच, ताजं शेंदलेलं."

अर्जुनराव कळशी दोन्ही हातांनी धरून बसला. पहाटेची ती घरघर त्याच्या कानात सुरू झाली, परड्यातला सकाळचा तो काळा, ओला ढीग डोळ्यांपुढं आला. इतक्या महिन्यांत त्या मशीनवर घडलेला एक साधा नट त्यानं कधी पाहिला नव्हता.